पावणेचार डॉलरांची गिटार

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दांडिया बाजारातल्या घरात एक गिटार आली. वाद्यांचे येणे ह्या घराला नवे नाही. आजोबांच्या वेळचा मिरजेचा तंबोरा गवसणी पांघरून अजून कोपऱ्यात उभा आहे. भाता फाटलेली एक पेटी माळ्यावर आहे. डग्गा कधीच फुटला, तरी त्याचा जोडीदार तबला मात्र कुणी टाकून दिलेला नाही. गिटार तेवढी आजवर उंबरठा ओलांडून आत आली नव्हती. आठवीतल्या नातीने हट्ट धरला, तिच्या वडिलांनी चार हजारांच्या आत बसणारी एक शोधून काढली, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून ती घरी दाखल झाली. चकचकीत, गोमटी, पाहताक्षणी कुणालाही आवडावी अशी.

पहिला पंधरवडा कौतुकात गेला. मग नातीच्या बोटांची टोके लाल झाली, मग त्यांवर फोड आले. तार जोर लावून दाबावी तर सूर उमटेना, आणि उमटलाच तर बेसूर. उत्तरायणाच्या पतंगांच्या धांदलीत गिटार कपाटावर चढली, ती पुढे उतरलीच नाही. एका संध्याकाळी मी सहज विचारले, तेव्हा पोर म्हणाली, "आजोबा, गिटार चांगली आहे हो. माझी बोटंच तसली नाहीत."

हे वाक्य मला फार लागले. का लागले ते शेवटी सांगेन. पण त्या दिवसापासून एका गोष्टीचा नाद मात्र जडला. जगात ज्यांनी गिटार वाजवून नाव कमावले, त्यांची पहिली गिटार कसली होती आणि तिने त्यांना किती छळले, हे शोधून वाचण्याचा. वाचता वाचता ध्यानात आले, की त्यांतल्या पुष्कळांची पहिली गिटार आमच्या नातीच्या गिटारीसारखीच होती. काहींची तर तिच्याहूनही वाईट.

मोलकरणीची बचत

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपेल हिल गावाजवळ, १८९३ साली एका गरीब काळ्या कुटुंबात एलिझाबेथ नावाची मुलगी जन्मली. थोरल्या भावाकडे बँजो होता. भाऊ कामाला गेला, की ही तो गुपचूप वाजवी. तारा तुटत, आणि संध्याकाळी बोलणी खावी लागत. पुढे भाऊ घर सोडून गेला आणि बँजोही त्याच्याबरोबर गेला. घरात वाद्य उरले नाही. तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या ह्या पोरीने शाळा सोडून लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करण्याचे काम धरले. पगार महिन्याला पाऊण डॉलर. असे साठवलेले पैसे देऊन तिने गावातल्या दुकानातून एक गिटार घेतली. स्टेला नावाची. किंमत पावणेचार डॉलर, म्हणजे पाच महिन्यांचा सबंध पगार.

मुलगी डावखुरी. वाद्य उजव्या हाताचे. शिकवायला कुणी नाही, आणि तारा उलट्या क्रमाने लावून घ्याव्यात हे सांगायलाही कुणी नाही. तिने गिटार तशीच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या, बारीक तारा वर गेल्या. इतर वादक अंगठ्याने खर्ज राखतात आणि बोटांनी चाल वाजवतात. हिने बोटांनी खर्ज राखला आणि अंगठ्याने चाल वाजवली. त्या उलट्या हातातून जो एक डौल निघाला, त्याला पुढे तिच्याच आडनावाने ओळखू लागले. आज जाणते वादक तो हात शिकायला बसतात. घराजवळच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीवर तिने त्याच कोवळ्या वयात एक गाणे रचले, 'फ्रेट ट्रेन'.

पुढची कथा आपल्याकडच्या पुष्कळ बायांच्या कथेसारखी आहे. लवकर लग्न झाले, संसार पदरात पडला, आणि चर्चमधल्या मंडळींनी हे ऐहिक वाजवणे सोड म्हणून सांगितले. गिटार सुटली. किती वर्षे? पंचवीसहून अधिक. १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात कामाला असताना एलिझाबेथ कॉटन ह्यांना एक चुकलेली लहान मुलगी सापडली आणि त्यांनी ती आईच्या हवाली केली. ती आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर, स्वतः संगीतरचनाकार. वडील चार्ल्स सीगर, संगीताचे अभ्यासक. त्या घरी कॉटनबाई कामाला लागल्या. भिंतीवर गिटार टांगलेली असे. एके दिवशी त्यांनी ती उतरवली आणि वाजवू लागल्या. चुकलेली ती मुलगी पेगी आणि तिचा भाऊ माइक ऐकतच राहिले. आपल्या घरात भाकरी भाजणारी बाई काय आहे, हे त्या घराला तेव्हा कळले. माइकने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले, १९५८ साली फोकवेज ह्या संस्थेने त्याची तबकडी काढली, आणि १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, बाईंना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली त्या वारल्या.

पावणेचार डॉलरांची ती स्टेला काय प्रतीची होती? न्यू जर्सीतल्या ऑस्कर श्मिट ह्यांच्या कारखान्यात स्टेला बनत. अंगाला शिसवीऐवजी बर्चचे साधे लाकूड, त्यावर रंगाने उंची लाकडाचा भास. आतल्या आधारपट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठोकलेल्या. बांधायला सोप्या, पण कालांतराने तारांच्या ओढीने तोंडाची फळी फुगवू देणाऱ्या. ज्यांच्यासाठी ती बनली त्यांनाही हे ठाऊक होते. पण त्यांच्यापुढे प्रश्न स्टेला की उत्तम गिटार असा नव्हताच. स्टेला की काहीच नाही, असा होता. शिकागोच्या सीअर्स रोबक ह्या टपालाने माल विकणाऱ्या पेढीच्या जाडजूड यादीतही १८९० च्या दशकापासून अशा गिटारी असत. त्याच शहरात १८९२ साली निघालेला हार्मनी कारखाना सीअर्सने १९१६ साली विकतच घेतला. नांगराचा फाळ, शिवणयंत्र आणि गिटार एकाच यादीतून शेतकऱ्याच्या दारात येऊ लागली.

आपल्याकडे पेटीने हेच केले. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात जन्मलेले हे वाद्य इथे आले, इथल्या कारागिरांनी त्याला मांडीशी बसवले, आणि ज्या घरात सारंगिया कधीच येऊ शकला नसता त्या घरात सूर आला. जाणकारांनी नाके मुरडली. १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केले, ते १९७१ साली किलकिले झाले. ह्या मधल्या काळात पेटी किती घरांतून वाजत होती, हे वाचकांस सांगायला नको. आमच्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढून दरबारातले गाणे सामान्यांच्या पोरांना खुले केले. सूरसागराकाठी त्या शाळेचे महाविद्यालय आजही उभे आहे. शाळेने शिकण्याचे दार उघडले. पण घरी येऊन रियाज करायला हाताशी वाद्य लागते, आणि ते परवडावे लागते.

चहाचे खोके आणि साडेतीन पौंड

कॉटनबाईंचे गाणे पेगी सीगर हिच्याबरोबर विलायतेला गेले. तिथे १९५६ पासून स्किफल नावाच्या संगीताची साथ आली होती. लॉनी डोनेगन ह्या गायकाने अमेरिकेतल्या तुरुंगांतून आणि शेतमळ्यांतून आलेली गाणी गिटारीवर गाऊन दाखवली, आणि प्रत्येक गल्लीतल्या पोरांना वाटले की हे तर आपल्यालाही जमेल. वाद्ये काय? कपडे घासायची पन्हाळी फळी हा ताल. चहाचे रिकामे खोके, त्याला झाडूचा दांडा आणि एक दोरी, हा खर्ज. आसाम-सिलोनचा चहा उतरल्यावर ती खोकी असा नाद धरीत. उरली गिटार, ती मात्र घरी बनवता येईना. १९५७ साली 'फ्रेट ट्रेन' हे गाणे चास मॅकडेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की ह्यांनी तिथे गाजवले. त्यावर नावे भलत्याच रचनाकारांची लागली, आणि मूळ बाईंचे नाव त्यावर येण्यासाठी पुढे तंटा करावा लागला.

तेव्हा ब्रिटनमध्ये युद्धोत्तर ओढगस्त होती. परकीय चलन वाचवण्यासाठी अमेरिकन वाद्यांची आयात १९५१ पासून १९५९ पर्यंत बंद होती. म्हणून पोरांच्या हाती पडल्या त्या हॉलंड, जर्मनी आणि थेट दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या स्वस्त गिटारी. लिव्हरपूल शहरातल्या तीन मुलांचे अनुभव पाहा.

जॉन लेननची पहिली गिटार दक्षिण आफ्रिकेत बनलेली 'गॅलोटोन चँपियन'. थरांच्या लाकडाची, आकाराने पुरतीही नव्हे. आत चिठ्ठी चिकटवलेली होती, की ही फुटणार नाही अशी हमी आहे. सूर चांगला लागेल अशी हमी कुणी दिलेली नव्हती. ती आईने घेऊन दिली म्हणावे तर मावशीने घेऊन दिली अशीही हकीकत आहे. पोरगे नावारूपाला आले की असे व्हायचेच. आई बँजो वाजवणारी, म्हणून तिने चारच तारांवर बँजोचे धडे दिले. दोन तारा नुसत्या बसून राहिल्या. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत हा मुलगा त्याच गिटारीवर वाजवत होता. तिथे त्याची एका दुसऱ्या मुलाशी गाठ पडली, आणि त्या मुलाने गिटार सहा तारांची कशी लावतात ते दाखवले.

तो दुसरा मुलगा पॉल मॅकार्टनी. वडिलांनी वाढदिवसाला दिलेले ट्रंपेट त्याने दुकानात परत करून १५ पौंडांची 'फ्रामस झेनिथ' ही जर्मन गिटार घेतली होती, कारण ट्रंपेट तोंडात असताना गाता येत नाही. घरी आणली तरी हात बसेना. हाही डावखुरा! पुढे एका डावखुऱ्या गायकाचे चित्र पाहून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याने तारा उलट क्रमाने लावून घेतल्या. कॉटनबाईंना असे चित्र दाखवणारे कुणी नव्हते.

तिसरा जॉर्ज हॅरिसन, बसचालकाचा मुलगा. त्याच्या आईने त्याच्या शाळासोबत्याकडून साडेतीन पौंडांना एक 'एग्मंड' घेऊन दिली, डच बनावटीची. मानेच्या मागे एक स्क्रू दिसत होता. मुलाचाच जात, त्याने तो फिरवून पाहिला. मान धडापासून सुटून हातात आली आणि पुन्हा बसवता येईना. लाजेने त्याने ती कपाटात लपवली. काही दिवसांनी थोरल्या भावाने, पीटने, ती जोडून दिली. तारा इतक्या उंच की बोटांतून रक्त येई. आई रात्री उशिरापर्यंत जवळ बसून धीर देई. ह्या घराण्यात बीटल्सच्या मुख्य गिटारवादकाचे गंडाबंधन झाले, ते असे.

लेननची ती गॅलोटोन १९९९ साली लंडनमध्ये लिलावात दीड लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. पण ते मोल वाद्याचे नव्हे, ते हात लागल्याचे मोल. मला ह्या तिघांच्या हकीकतींत दुसरेच दिसते. प्रत्येकाच्या वाटेत एकदा तरी अशी वेळ आली, की गिटार कपाटात जावी आणि तिथेच राहावी. एकाला तारा लावून देणारा भेटला. एकाला एक चित्र दिसले. एकाला स्क्रू बसवणारा भाऊ होता. तेवढ्याने वाचले.

दोष तारेचा की बोटाचा

आता आमच्या नातीच्या गिटारीकडे येतो. दोन महिने ती कपाटावर होती. मग तंबोऱ्याची जवारी काढायला नेहमीचे कारागीर घरी आले. वयाने माझ्याएवढे, बोलणे मोजके. तंबोऱ्याचे काम आटोपल्यावर त्यांची नजर वर गेली. "ती कुणाची?" मी हकीकत सांगितली. त्यांनी गिटार उतरवली, दांडीवर एक डोळा मिटून नजर धरली, बाराव्या पडद्यापाशी तारेखाली पट्टी घातली आणि म्हणाले, "चार मिलिमीटर. पोरीनं काय दगड फोडायचे का?"

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांची मिळून ओढ सुमारे ७० किलोंची असते. एक प्रौढ माणूस टांगावा एवढी. ह्या ओढीने दांडी पुढे वाकते, घोडीखालची फळी वर फुगते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. बाराव्या पडद्याशी हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असले तर कोवळे बोटही तार दाबू शकते. चारवर गेले, की बोट सोलते. आणि तार एवढी खाली खेचावी लागते की स्वर चढतो. म्हणजे बोट बरोबर जागी असूनही सूर बेसूरच निघतो. शिकणाऱ्याला हे कळत नाही. त्याला वाटते, आपलाच कान वाईट, आपलाच हात वाईट.

मग स्वस्त गिटार आणि महाग गिटार ह्यांत फरक तो काय? लाकडाचा आहेच. महागात तोंडाची फळी अखंड स्प्रूसची, स्वस्तात थर चिकटवून केलेली. अखंड फळी मोकळी बोलते आणि वर्षागणिक खुलते. थरांची फळी आवाजाने कोती, पण पावसाळ्यात कमी फुगते आणि आमच्या वैशाखात कमी तडकते. पण नवशिक्याला छळतो तो फरक लाकडाचा नसतो. महाग गिटार कारखान्यातून निघताना कुणी तरी हाती घेऊन तिच्या पट्ट्या घासतो, खाचा खोल करतो, पडद्यांची टोके गुळगुळीत करतो. स्वस्त गिटारीवर एवढा वेळ घालवणे परवडत नाही. पुढे पावसाळे-उन्हाळे तिला आणखी बिघडवतात. म्हणजे किंमत वाचते ती बरीचशी ह्या शेवटच्या अर्ध्या तासाची. आणि तो अर्धा तास मग शिकणाऱ्याच्या बोटांतून वसूल होतो.

जपानच्या यामाहा कंपनीने १९६६ साली स्वस्त लोकगिटारींची एफजी ही मालिका काढली. त्या पहिल्या गिटारींची फळीही थरांचीच, पण बांधणी नेटकी आणि एकसारखी. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या अफाट मेळाव्यात पुढचे वादक वेळेवर तयार नव्हते, तेव्हा कंट्री जो मॅकडॉनल्ड ह्यांना ऐन वेळी व्यासपीठावर ढकलण्यात आले. गिटार नव्हती. कुणी तरी यामाहाची एफजी १५० शोधून आणली. गळ्यात अडकवायला पट्टा नव्हता, म्हणून दोरीचा तुकडा बांधला. लाखोंच्या समुदायाला त्यांनी त्या दोरीच्या गिटारीवर गायला लावले. २०१६ साली ह्याच मालिकेत निघालेल्या एफजी ८०० ह्या साध्या नमुन्याला तर अखंड स्प्रूसची फळी आहे. स्वस्त म्हणजे टाकाऊच, हे म्हणणे आता तितकेसे खरे राहिलेले नाही.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. निर्वाना ह्या चमूच्या कर्ट कोबेनने १९९१ च्या गाजलेल्या तबकडीवरची दोन गाणी तीसेक डॉलरांच्या एका जुन्या स्टेलावर वाजवली. तिच्या खुंट्या चिकटपट्टीने जखडलेल्या होत्या. वाद्य स्वरात राहीना, म्हणून बाकीच्यांनी आपली वाद्ये तिच्याशी जुळवून घेतली. चेलो वाजवणाऱ्याच्या तर नाकी नऊ आले. जो तयार झाला आहे तो वाद्याचा दोषही रंग म्हणून वापरतो. पण हे तयार हाताचे काम. आठवीतल्या पोरीला असे दाखले देऊन "बघ, त्यांनी कसे केले" म्हणणे हा अन्याय आहे.

जवारी

आमच्या कारागिरांनी तारा सैल केल्या, घोडीवरची पांढरी पट्टी उपसून काढली आणि तिची खालची बाजू पॉलिशकागदावर घासायला बसले. मध्येच मला म्हणाले, "साहेब, तुमचा हा तंबोरा केवढ्याचा आहे? तरी दर दोन वर्षांनी मला बोलावता. जवारी बसली की पुन्हा काढून घेता. एवढा भारी तंबोरा हात लावल्याशिवाय बोलत नाही, मग ह्या गरिबानं खोक्यातून निघून थेट गावं, असं का वाटलं तुम्हाला?"

मी निरुत्तर झालो. पन्नास वर्षे घोडीवरच्या तारेखाली जवारीचा दोरा सारून तंबोरा लावणारा मी. गिटारीला घोडी असते हे डोळ्यांना दिसत असून तिलाही काही सेवा लागत असेल हे मनात आले नाही.

काम पाऊण तासात झाले. चाराचे अडीच झाले. मानेकडच्या खाचा त्यांनी बारीक कानशीने खोल केल्या, दांडीच्या आतली लोखंडी सळई चावीने किंचित आवळली, आणि जाड तारा काढून बारीक चढवायला सांगितल्या. पैसे घेताना म्हणाले, "सगळ्यांत खालची तार थोडी झणझणेल. ते लाकूडच तसलं आहे. त्याला माझा इलाज नाही."

संध्याकाळी नात शाळेतून आली. मी काही बोललो नाही; गिटार नुसती पलंगावर ठेवली होती. तिने उचलली, एक स्वरमेळ धरला, छेडला, आणि माझ्याकडे पाहिले. "आजोबा, ही बदलून आणली?"

आता राहिलेले सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक व्हायोलिन आणले होते. दीड वर्ष मी घासले. बोटे दुखत, सूर लागत नसे. एक दिवस शिकवणाऱ्यांनी वडिलांना सांगितले, की मुलाच्या बोटांत स्वर नाही, पैसे फुकट घालवू नका. वडिलांनी ऐकले, मीही ऐकले. त्यानंतर साठाहून अधिक वर्षे मी गाणे ऐकत आलो, तंबोरा लावत आलो, पण "आपल्या बोटांत स्वर नाही" हे एखाद्या जन्मखुणेसारखे अंगावर वागवले. त्या व्हायोलिनची तार केवढी उंच होती, हे कुणी कधी पट्टी घालून पाहिले नाही. कदाचित दोष माझाच असेल. पण ते वाद्य कधीच कुणाला तरी देऊन टाकले, आणि आता त्याला विचारता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा अशी एखादी गिटार येईल त्यांना माझे एवढेच मागणे आहे. स्वस्त घ्या, खुशाल घ्या. पण किमतीत आणखी काही शेकडे धरून ठेवा, आणि पोराच्या हाती देण्याआधी ती एखाद्या जाणत्या कारागिराच्या हाती द्या. मग पोराला नाही जमले तर नाही जमले; निदान खरे कारण तरी कळेल.

आमच्याकडे आता रोज संध्याकाळी तासभर वाजते. सगळ्यांत खालची तार अजून झणझणते. नात म्हणते, तिचा आवाज मला आवडतो.